आजी, हसू नका

अलिबागच्या एसटी स्टँडवर गेल्या महिन्यात मला एक बाई दुसऱ्यांदा भेटली. पहिल्यांदा भेटली होती ती पावसाळ्याच्या तोंडावर. कडेवर मूल, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, डोळ्यांना धार. मुलाला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय आणि गाडीभाड्याला पैसे कमी पडताहेत, असं म्हणाली होती. मी शंभर रुपये दिले होते. या वेळी तेच मूल, तीच चिठ्ठी, तीच धार. फरक एवढाच की चिठ्ठी आता प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतली होती. पावसात कागद भिजतो, करणार काय बिचारी!

मला हसू आलं. तिला काही बोलले नाही, पैसेही दिले नाहीत, मिनीडोर पकडली आणि थळला आले. संध्याकाळी समुद्रावर आम्हा चार-पाच म्हाताऱ्या मंडळींचा अड्डा असतो. समोर खांदेरी, हातात शेंगदाणे आणि तोंडात जगाच्या चुका, असा आमचा कार्यक्रम. तिथे मी ही लॅमिनेटवाली गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. मग आमच्यातले एक गृहस्थ, जे आयुष्यभर बँकेत होते, ते म्हणाले, "अहो बाई, या लोकांचा धंदाच आहे तो. मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, हे त्यांना बरोबर कळलंय."

माझं हसू तिथेच थांबलं. का ते मला लगेच सांगता आलं नाही. त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही म्हण साफ खोटी आहे. मी दोन मुलं वाढवली आहेत. मूल रडायच्या आधीच आईला कळतं. छाती भरून येते, घड्याळाकडे लक्ष असतं, झोपेत मूल चुळबुळलं तरी जाग येते. रडेपर्यंत वाट बघते ती आई नव्हे. ही म्हण कुणा आईने केलेली नाही. ज्याच्या घरात देण्यासारखं होतं आणि देण्याची घाई नव्हती, अशा कुणीतरी ती केली असणार, आणि स्वतःच्या उशिराचं खापर मुलाच्या गळ्यावर फोडून ठेवलं असणार. आम्ही शाळेत इतकी वर्षं म्हणींचे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करून घेतले, पण एकही म्हण तपासायला शिकवलं नाही.

दुसरी गोष्ट. ती बाई खोटं बोलत होती हे उघड आहे. मी तिची वकिली करत नाही. पण शंभर रुपये मी तिला कशाबद्दल दिले होते? तिची गरज काय, हे मी विचारलं नव्हतं. चिठ्ठीवरचं औषध कोणतं, तेही पाहिलं नव्हतं. मी दिले ते डोळ्यांतल्या पाण्याला. ती रडली नसती आणि नुसतं म्हणाली असती की, "बाई, मला काम नाही, घरी तांदूळ नाहीत, शंभर रुपये द्या," तर मी पर्स उघडली असती का? प्रामाणिकपणे सांगते, नसती उघडली. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने अशी दोन-चारशे माणसं रोज वाचली असतील.

आम्हा मास्तरांना हे सगळ्यात आधी कळायला हवं. ज्याला मार्क असतात तेच मुलं पाठ करतात. प्रश्नपत्रिकेत दरवर्षी गाइडातलं उत्तर विचारलं, तर मुलं धडा वाचायचे सोडून गाइड घोकणार. मग 'हल्लीच्या मुलांना विचारच करता येत नाही' म्हणून कपाळाला हात लावायचा, आणि पेपर काढणारे आपणच! मदतीच्या परीक्षेत आपण अश्रूंना मार्क ठेवले आहेत. मग लोक अश्रू काढणारच, आणि ज्यांना ते हुकमी काढता येतात त्यांचा पहिला नंबर येणार. खऱ्या गरजवंताचं नुकसान होतं म्हणून आपण ढोंग्यांवर चिडतो. पण खऱ्याला आणि ढोंग्याला एकाच कसोटीवर बसवलं कुणी?

आता तुम्ही म्हणाल, हे स्टँडवरच्या बाईपुरतं ठीक, सभ्य माणसं असं करत नाहीत. करतात. मीच करते. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला आणि मी "बरी आहे" म्हटलं, की फोन दोन मिनिटांत संपतो. "काय रे, हे गुडघे..." म्हटलं की दहा मिनिटं चालतो. खोकला तर फोनच्या रिंगबरोबरच सुरू होतो असं माझे यजमान म्हणत. मुलगा वाईट नाही, त्याला कामं आहेत. पण बऱ्या असलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नाही, आणि आजारी असल्याशिवाय मुलाला कसं बोलवायचं हे मला येत नाही. आमच्या अड्ड्यावर एकेकाचं "चाललंय, ढकलतोय दिवस" ऐका. सगळ्यांची पेन्शन वेळेवर, सगळ्यांच्या वाड्या शाबूत. पण 'मजेत आहे' म्हणणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही.

आपल्या भाषेकडे बघा. दुसऱ्याच्या मनात दया उत्पन्न करण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! काकुळतीला येणं, गयावया करणं, पदर पसरणं, तोंड वेंगाडणं, नाक घासणं, पाया पडणं, डोळ्यांत पाणी आणणं, हातापाया पडणं, केविलवाणा चेहरा करणं. आणि सरळ उभं राहून, न रागावता, न रडता, 'मला हे हवंय' असं सांगण्याला? 'मागणं' एवढा एक शब्द, आणि तोही ऐकला की आपल्याला आधी भीकच आठवते.

ही कला मी चौतीस वर्षं शिकवली. अगदी अभ्यासक्रमात होती. अर्जलेखन. 'मेहेरबान मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेशी' पासून 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' पर्यंत. मधला मजकूरही मी फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलं उतरवून घ्यायची: माझ्या घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची व हलाखीची असून, तरी कृपावंत होऊन, मी आपला आजन्म ऋणी राहीन. आठवीतला तेरा वर्षांचा पोरगा दोन पुस्तकांसाठी आजन्म ऋणी! आणि हे वाक्य ज्याने शुद्ध लिहिलं त्याला मी पूर्ण मार्क द्यायचे. ऱ्हस्व-दीर्घ बघत होते. 'हलाखीची' मधली ला दीर्घ खी आहे ना, एवढीच माझी काळजी.

शाळेत गरीब विद्यार्थी फंड होता. बहुतेक शाळांत असे. वर्षाच्या सुरुवातीला अर्ज मागवायचे आणि तीन शिक्षकांची समिती एकेका मुलाला बोलावून विचारायची. १९८४ च्या आसपासची गोष्ट असेल. मी समितीत होते. कोळीवाड्यातला एक मुलगा आला. वडील दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेले होते, हे आम्हाला माहीत होतं. त्याला विचारलं, काय पाहिजे? म्हणाला, "गणिताचं आणि इंग्रजीचं पुस्तक. बाकीची चुलतभावाची आहेत." हाताची घडी नाही, मान खाली नाही. घरी कोण कोण असतं, विचारलं, त्याने मोजून सांगितलं. मग आमच्यातल्या एकांनी विचारलं, "घरी जेवायला काय असतं रे?" तो म्हणाला, "मासळी."

आम्ही तिघेही हसलो. "मग मजा आहे की तुझी!" असं कुणीतरी म्हणालं. मीच म्हणाले असेन. कोळ्याच्या घरी विकून उरलेली, वाटा न गेलेली मासळीच असते आणि कधीकधी तेवढीच असते, भातसुद्धा नसतो, हे थळमध्ये राहून मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्यामागून एक मुलगा आला, तो दारातच रडायला लागला. त्याच्या वडिलांचं दुकान होतं, पण भावांत भांडणं चालली होती. त्याला सगळा संच मिळाला. पैसे संपले. कोळीवाड्यातल्या मुलाच्या अर्जावर आम्ही शेरा मारला, 'गरज तितकीशी दिसत नाही'. दिसत नाही! आम्हाला गरज दिसायला हवी होती. असून चालणार नव्हतं.

आठवीनंतर तो शाळेत आला नाही. ती दोन पुस्तकं मिळाली असती तर तो शिकून मोठा झाला असता, असं मी म्हणणार नाही. बोटीवर जाणारी मुलं तशीही शाळा सोडत. आज त्याची स्वतःची होडी आहे, त्याच्या मुली शिकल्या आहेत. बंदरावर दिसला की "बाई, बऱ्या आहात ना?" विचारतो. मासळी घेतली तर पैसे मोजून घेतो, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. तो दिवस त्याला आठवतो का, हे विचारायचं माझ्याच्याने होत नाही.

त्या मुलाचा काय दोष होता? त्याला दया उत्पन्न करता आली नाही, एवढाच. आणि दुसऱ्याचा तरी काय? त्याने पेपर बरोबर सोडवला.

दया करणाऱ्याला दयेतून काय मिळतं, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. फार काही मिळतं. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा शाळेतल्या आम्ही सहा-सात जणी मिळून बघायला गेलो. इतक्या रडलो, की मध्यंतरात एकमेकींच्या तोंडाकडे बघून हसू आलं. आमच्या आज्या-पणज्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी रडल्या असतील, आम्ही अलका कुबलसाठी रडलो. भवभूतीने करुण हाच एक रस मानला, तेव्हा ही आवड काही आजची नाही. रडून झाल्यावर फार हलकं वाटतं. आपण चांगल्या आहोत असं वाटतं. तशी मी घरी आले तर भांडीवाली दारात उभी होती. पगारातले वीस रुपये आगाऊ हवे होते तिला. तिने साधं मागितलं, "बाई, वीस रुपये उचल पाहिजे." मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बघू." सगळे अश्रू थेटरातच संपले होते!

सिंधुताई सपकाळांचं व्याख्यान अनेकांनी ऐकलं असेल. गोठ्यात झालेलं बाळंतपण, घरातून हाकलून दिलेलं, पोटासाठी केलेली भटकंती. सभागृह हुंदके द्यायचं, आणि मग त्या पदर पसरायच्या. त्या पैशावर त्यांनी अनाथ पोरं सांभाळली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या. त्यांच्या कामाविषयी मला आदरच आहे. पण एक प्रश्न मला तेव्हाही पडायचा. शेकडो पोरं वाढवणाऱ्या बाईला पोरांच्या अन्नासाठी स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र गावोगावी, वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा का सांगावी लागावी? त्या नुसत्या उभ्या राहून म्हणाल्या असत्या, "माझ्याकडे इतकी मुलं आहेत, महिन्याला इतका खर्च येतो, हा हिशेब," तर झोळीत किती पडलं असतं? आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, नोटा टाकल्या. ती रात्र दरवेळी जगायचं काम मात्र त्यांच्याकडे राहिलं.

सरकारचंही तेच. आपल्याकडे १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी अशांसाठी. चांगली योजना आहे, कित्येक घरांत त्यावर मीठ-मिरची येते. २०२३ साली महिन्याचे हजार रुपये होते त्याचे दीड हजार झाले. पण नावापासूनच बघा. निराधार! ज्या बाईने नवरा गेल्यावर पाटी डोक्यावर घेऊन सुकी मासळी विकत चार माणसं पोसली, तिने आधी लिहून द्यायचं की मी निराधार आहे. आणि उत्पन्नाची अट? कित्येक वर्षं ती कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये एवढीच राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला अठ्ठावन्नसुद्धा नाहीत. एवढ्यात कुटुंब जगत नाही, हे दाखला मागणाऱ्याला, देणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला, तिघांनाही माहीत असतं. तरी कागदावर तो आकडा लागतो. म्हणजे खरी गरीब बाई आहे तेवढी गरीब असून भागत नाही. तिने स्वतःला आणखी गरीब करून दाखवायचं. आणि ते दाखवलं की आमच्या अड्ड्यावर म्हणायचं, हे लोक खोटं बोलतात.

'अनुकंपा' हा शब्द किती सुंदर आहे. दुसरा थरथरला की आपणही थरथरणं. सरकारी भाषेत त्याचं काय झालं? नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या वारसाला 'अनुकंपा तत्त्वावर' घेतात, आणि त्यासाठी प्रतीक्षायादी असते. थरथरायचीसुद्धा यादी!

आता शीर्षकातल्या आजींकडे येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या जवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा आधीच कोरोनाची टाळेबंदी चालू होती. भर दुपारी अंधारून आलं. दोन-तीन तासांत नारळ, सुपारी, आंबा, फणस, छपरं, विजेचे खांब, सगळं आडवं. आमच्या गावातच नव्हे, खाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्यांतून आरपार समुद्र दिसायला लागला. वीज यायला कुठे आठवडे लागले, कुठे महिना.

पुढे मदत घेऊन खूप माणसं आली. देव त्यांचं भलं करो, मेणबत्त्या आणि ताडपत्र्या त्या दिवसांत सोन्याच्या होत्या. अशीच मुंबईहून एक मंडळी टेम्पो घेऊन आली होती. आमच्या आळीच्या टोकाला एक कोळीण आजी राहायची, ऐंशीच्या पुढची, तोंडात एक दात नाही. तिचे अर्धे कौल उडाले होते. तिच्या हातात शिध्याची पिशवी देऊन फोटो काढायचा होता. आता या आजीला कुणी फोटो काढतोय म्हटलं की हसू यायचं. लहान मुलीसारखी तोंडावर पदर धरून हसायची. फोटो काढणारा मुलगा भला होता, वैतागला नाही. पण दोनदा-तीनदा झाल्यावर म्हणाला, "आजी, हसू नका. जरा वर छपराकडे बघा."

आजीने छपराकडे बघितलं. तिथे छप्पर नव्हतंच, आभाळ होतं. आणि तिला आणखीच हसू आलं!

शेवटी तिच्याऐवजी शेजारच्या सुनेला उभं केलं. तो मुलगा गेल्यावर आजी मला म्हणाली, "बाय, आमी रडलो नाय तर आमचं काय पडलं नाय, असं होतं का गो?"

मी काय उत्तर देणार? दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडे पंचनाम्याला माणसं येणार होती. सकाळी अंघोळ करून मी नेहमीची धुतलेली, नीट साडी नेसून बसले होते. ती मंडळी येताहेत असं कळल्यावर मी आत गेले आणि जुनी, विटकी साडी नेसून बाहेर आले. कुणी सांगितलं नव्हतं. बांगड्याही काढून ठेवल्या. चाळीस-पन्नास पोफळी आडव्या पडल्या होत्या, त्या डोळ्यांना दिसत होत्या, मोजता येत होत्या. तरी मला वाटलं, माझ्या साडीवरून ठरेल.

ठरलं मात्र मोजूनच, आणि ते मला आवडलं. पहिल्यांदा हेक्टरी ५०,००० असा बागांचा दर जाहीर झाला होता. आमच्या वाड्या गुंठ्यांत, म्हणजे गुंठ्याला पाचशेच्या आसपास. मग लोकांनी हिशेब मांडला की वाडीत झाडं किती दाट असतात, आणि मागणी केली की झाडं मोजा. पुढे नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये झाडामागे, असा दर ठरला. दर फार कमी आहे. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सात-आठ वर्षं जातात आणि त्याचे पन्नास रुपये! त्यावर भांडायला पाहिजे, लोक भांडलेही. पण एक गोष्ट त्यात होती. पडलेल्या झाडाचे पन्नास रुपये हसणाऱ्याला पन्नास आणि रडणाऱ्यालाही पन्नास. झाडाने कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. माझी विटकी साडी फुकट गेली.

आपल्याच अलिबाग तालुक्यात हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे, पण अलिबागला बीचवर येणाऱ्यांना सोडा, आमच्या नातवंडांनाही माहीत नसतं. पोयनाडच्या अंगाला चरी गाव आहे. तिथल्या खारपट्टीतली कुळं खोत-सावकारांची जमीन कसायची. पीक बुडालं की खोताच्या ओटीखाली उभं राहून 'मायबाप, यंदा सूट द्या' म्हणायचं. दिली तर खोताची दया, नाही दिली तर आपलं नशीब. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप पुकारला. परवडेल असा वाटा मिळेपर्यंत जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं होती. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, १९३९ पर्यंत जमिनी ओसाड राहिल्या. लोकांनी डोंगरातली लाकडं तोडून विकली, करवंदं विकली, उपाशी राहिले. डिसेंबर १९३४ मध्ये चरीला शेतकरी परिषद झाली तिला बाबासाहेब आंबेडकर आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कूळ कायद्याकडे जाणारी वाट या ओसाड शेतांतून गेली.

या लोकांची परिस्थिती माझ्या अर्जातल्या भाषेत 'अत्यंत हलाखीची' होती. दया उत्पन्न करायला त्यांच्याकडे जेवढा माल होता तेवढा क्वचितच कुणाकडे असेल. त्यांनी तो वापरला नाही. ओटीखाली उभं राहायचं बंद केलं, एवढंच.

हे मी अड्ड्यावर बोलले तेव्हा बँकवाल्या गृहस्थांनी चांगला मुद्दा काढला. त्यांच्याशी माझं पटत नाही, पण माणूस विचार करतो. ते म्हणाले, "बाई, चरीला पंचवीस गावं होती. तुमची ती स्टँडवरची बाई एकटी आहे. तिने कुणाशी संप करायचा?"

खरं आहे. रडणं हे एकट्याचं हत्यार आहे. ज्याच्यामागे गाव नाही, युनियन नाही, कागद नाही, त्याच्याकडे स्वतःचा चेहरा तेवढा उरतो. त्यालाही आपण ढोंग म्हणून हसायचं असेल, तर निदान दुसरं काहीतरी चालेल असं करून द्यायला हवं. तोंडाकडे न बघता झाडं मोजायला हवीत. शाळेत फंड असेल तर वर्गातल्या सगळ्या मुलांना पुस्तकं द्यायला हवीत, म्हणजे ओळखायचा प्रश्नच नाही. आज पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं सर्वांना फुकट मिळतात. तेरा वर्षांच्या पोराला मासळी खातोस का, असं त्यासाठी कुणी विचारत नाही. आम्ही शिक्षकांनी फंडाच्या मीटिंगा घेऊन पंचवीस वर्षांत जे केलं नाही, ते एका साध्या सरकारी नियमाने केलं, हे मान्य करायला मला जड जातं, पण आहे ते आहे.

आणि दया वाईट का? नाही. कणव आलीच नाही तर नियम तरी कोण करणार? पण कणव ज्याला आली त्याने ती आपल्याजवळ ठेवावी आणि कामाला लागावं. समोरच्याने ती आपल्यासाठी पिकवून द्यावी, आणि तीही आपल्याला रुचेल अशी, डोळ्यांत पाणी, अंगावर विटकी साडी, तोंडावर हसू नाही, ही अपेक्षा कशाला? दुःखात असलेल्या माणसाने हसू नये हा कुठला नियम? त्या आजीने नवरा, एक मुलगा आणि छप्पर एवढं घालवलं होतं आणि तरी तिला कॅमेरा बघून हसू येत होतं. तो फोटो काढायला हवा होता.

हे इतकं मनात आल्यावर मी एक प्रयोग केला. आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या एका बाईचा नवरा गेल्या वर्षी वारला. तिला निराधारचा अर्ज करायचा होता. बरोबर जोडायचा विनंती अर्ज लिहून द्या म्हणून ती माझ्याकडे आली. बाई मराठीच्या, म्हणजे अर्ज चांगला लिहिणारच! मी लिहिला. नाव, वय, पती अमुक तारखेला वारले, मुलं दोन, उत्पन्नाचं साधन काय, सोबतची कागदपत्रं, योजनेनुसार अनुदान मिळावं. सहा ओळी. हलाखी नाही, कृपावंत नाही, आजन्म ऋणी नाही. खाली नुसतं 'आपली' आणि तिची सही. तिला सही येते, मीच शिकवली आहे.

तो कागद घेऊन ती अलिबागला गेली आणि दुपारी परत आली. तिथे बाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा एक माणूस बसतो, त्याला तिने दाखवला होता. तो म्हणाला, "यात काहीच नाही. कुणी लिहिलाय? जरा परिस्थितीचं लिहा की."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला दीड हजार रुपयांची गरज होती, माझ्या प्रयोगाची नव्हती.

मी नवीन कागद घेतला आणि परिस्थितीचं लिहिलं. 'हलाखीची' मधली खी दीर्घ काढली. ती अर्ज देऊन आली आहे, अजून निकाल लागलेला नाही.